उकळून शिसं जात नाही

"बोअरच्या पाण्यात जड धातू असले तरी घाबरू नका. 20 मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा. जड असल्यामुळे ते तळाशी बसतात. टीडीएस 300च्या आत म्हणजे पाणी शुद्ध. तांब्याचा हंडा असेल तर उत्तमच."

मावशीने हे घरच्या ग्रुपवर टाकलं. मावसभावाचं घर केमिकल कारखान्यांना लागून आहे, आणि वहिनी त्याच बोअरच्या उकळलेल्या पाण्यात आठ महिन्यांच्या बाळासाठी नाचणीचं सत्त्व शिजवतात. म्हणून स्पष्टच लिहिते.

उकळून जंतू मरतात, मान्य. जुलाब टळतात. पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम वाफेबरोबर जात नाहीत. पाणी उडतं, धातू पातेल्यातच राहतो. लिटरभर पाण्यात 0.02 मिलिग्रॅम शिसं असेल आणि आटून पाऊण लिटर उरलं, तर तेवढंच शिसं आता पाऊण लिटरमध्ये आलं. म्हणजे जितकं जास्त उकळाल तितकं बाळाच्या वाटीत दाट शिसं! लहान मुलांच्या मेंदूला शिशाने होणारी इजा भरून निघत नाही, आणि रक्तात इतकं शिसं चालेल अशी कुठलीच सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

आता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या पदार्थांचं एकूण प्रमाण. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500:2012, काढून बघा. टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम, शिशाची 0.01, कॅडमियमची 0.003. शिसं मर्यादेच्या दहापट झालं तरी 0.1 मिलिग्रॅम. टीडीएस मोजणाऱ्या, दशांश न दाखवणाऱ्या पेनासारख्या मीटरवर ते दिसणार कुठे? मीटर 180 दाखवेल आणि आपण निर्धास्त पिऊ.

तळाशी बसणं: पाण्यात विरघळलेलं मीठ रात्रभरात तळाशी बसलेलं कुणी पाहिलंय? गाळ बसतो, विरघळलेला धातू नाही.

तांब्याच्या हंड्याने काही जंतू कमी होतात. शिशाशी त्याचा संबंध नाही.

चांगला आरओ फिल्टर बरेचसे धातू काढतो, हे खरं. पण त्यातला गाळणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, वेळेवर बदलला तरच, आणि त्याआधी पाण्यात काय आहे ते कळायला हवं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा आणि नमुना देताना 'जड धातू' असं वेगळं सांगा. नेहमीच्या तपासणीत ते येतातच असं नाही.

वहिनी, अहवाल येईपर्यंत बाळासाठी धरणाच्या नळाचं पाणी आणा. ते मात्र जरूर उकळा.