परंपरेला धोका नेमका कुणाचा?

बहुसांस्कृतिकतेमुळे, म्हणजे अनेक संस्कृती एकत्र नांदू दिल्यामुळे, राष्ट्रीय परंपरा पातळ होतात, हा नुकत्याच वाचलेल्या एका लेखातला मुख्य मुद्दा मला पटला नाही. कॅनडाने १९७१ साली बहुसांस्कृतिकता सरकारी धोरण म्हणून स्वीकारली, ती बाहेरून आलेल्या लोकांसमोर. आपल्याकडे हे वेगळेपण घरातलंच आहे. खान्देशाच्या फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर. तिथल्या सोळाव्या शतकातल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. आजही धुळ्या-नंदुरबारकडे अहिराणी, भिली, पावरी, गुजर बोली एकाच बाजारात ऐकू येतात. यातली कोणती परंपरा 'राष्ट्रीय' आणि कोणती उपरी, हे ठरवणार कोण?

सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेली आमची खान्देशातली माणसं श्रावणात तिथेही कानबाई देवी बसवतात, नैवेद्याचे रोट करतात. परक्या शहरात सण बुडाला नाही. अहिराणी मागे पडतेय ती मात्र इथेच, आपल्याच घरात, कारण पोरांशी ती बोलायची आपल्याला लाज वाटते. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (यातच अहिराणी मोजली जाते) सांगणारे साधारण साडेअठरा लाख होते, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, तिला जागा नाही. हा परक्यांचा दोष कसा?

लेखकाचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे: कायदा सगळ्यांना एकच हवा, आणि परंपरेच्या नावाखाली बाईवर, पोरीवर अन्याय चालणार नाही. पण त्याच राज्यघटनेचं कलम २९ आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्कही देतं. लेखात त्याचा उल्लेखच नाही, तो यायला हवा होता.