धारदार शस्त्रासह

गेल्या रविवारपासून सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरतोय. पाठमोरा वगैरे नाही, चांगला समोरून. खाली मजकूर : 'सावधान! टेकडीवर धारदार शस्त्रासह तरुण.' यातला 'तरुण' एवढाच शब्द मला मान्य आहे. शस्त्र म्हणजे सुपारीएवढ्या गारगोटीची कपची होती.

गुन्हा असा की दहावीची परीक्षा संपल्यावर मला रानात राहायची विद्या शिकायची होती. दोर वळणं, आडोसा उभारणं, गाठी मारणं. या विद्येच्या प्रत्येक व्हिडिओत पहिल्या मिनिटाला 'आता आपली सुरी घ्या' असं येतं आणि आमच्या घरी विद्या तिथेच संपते. "सुरी? सोळाव्या वर्षी? पुण्यात? रोज पेपरात कोयता गँग वाचतोस ना?" आई म्हणाली. म्हणाली ते विळीवर बसून, समोर लाल भोपळा घेऊन. आमची विळी आजीच्या सासूच्या काळातली आहे. पायाखाली दाबून तिच्यासमोर भोपळा धरला की भोपळा स्वतःच दोन पावलं मागे सरतो. ती ओट्याखाली उघडी पडलेली चालते, रांगणारं पोर घरात असताना चालायची. मला मात्र बोटाएवढ्या पात्याची घडीची सुरी मिळणार नाही. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची गोष्ट आहे, हे मी सांगून पाहिलं. "नियम मला शिकवू नकोस, फोडी उचल," असा निकाल लागला.

माझा कोकणातला मावसभाऊ अकरा वर्षांचा आहे. कमरेला कोयती अडकवून तो शहाळी सोलतो आणि त्याला कौतुकाने 'कामाचा पोर' म्हणतात. असो.

मग सुरीवाचून काय काय जमतं ते बघायचं ठरवलं. विस्तवाचा नाद टेकडीवर करायचा नाही, एप्रिलात तिथलं गवत नुसतं वाट बघत असतं. पण दोराला कोण काय म्हणणार? कुंपणाला लागून घायपात होतं. एक पान दगडाने ठेचून ठेचून तोडायला अर्धा तास गेला. ते फळीवर ठेचायचं, गर खरवडायचा, आतला पांढरा वाख धुऊन वाळवायचा. घायपाताचा रस अंगाला लागला की खाज सुटते, हे व्हिडिओत शेवटी सांगतात. तोवर माझे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. उरलेली पानं बादलीत कुजत घातली, तर दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून ड्रेनेज तुंबल्याची तक्रार आली. पण वाख निघाला. दोन पदर घ्यायचे, प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि दोन्ही मिळून एकमेकांवर डावीकडे टाकायचे. सुटू बघणारा एक पीळच दुसऱ्याला धरून ठेवतो. तीन दिवसांत चार हात दोर झाला. मी तो उशाशी घेऊन झोपलो, हे खरं आहे.

रविवारी सकाळी टेकडीवर, उंदीरमारीच्या झाडाच्या पडलेल्या काटक्या या दोराने बांधून तिकाटणं उभं करत होतो. तेवढ्यात पांढरी टोपी, पांढरे बूट आणि हातात काठी अशी एक व्यक्ती समोर येऊन थांबली.

"काय चाललंय?"

"काही नाही आजोबा, गाठी मारतोय."

"काका म्हण."

"काका."

"कुणाला बांधायचंय?"

"काटक्यांना."

"काटक्यांनी काय केलंय तुझं?"

याला उत्तर नव्हतं. मी दोर दाखवला. त्यांनी तो नाकाजवळ नेला, वास घेतला आणि काहीतरी सिद्ध झाल्यासारखा मागे धरला. "कोयता कुठंय?"

"कोयता नाहीये काका."

"मग ही लाकडं तोडली कशानं?"

"पडलेली आहेत."

"पडलेली लाकडं कोण उचलतं?" त्यांनी वळून हाक मारली, "अहो, इकडे या जरा!" आणि आणखी तीन पांढऱ्या टोप्या आल्या. एकाने माझी शाळा विचारली, दुसऱ्याने मार्क. निकाल लागायचाय म्हटल्यावर ते काळजीने एकमेकांकडे बघू लागले. तिसऱ्याने पूर्वीचे लोक अरणी घुसळून यज्ञाचा अग्नी कसा काढत ते सुरू केलं. मला खरंच ऐकायचं होतं, पण काकांनी त्यांना थांबवलं. "मी बत्तीस वर्षं नोकरीत माणसं ओळखली आहेत. पिशवी उघड." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. नोकरीतून सुटून दहा वर्षं झाली असतील, झडती घ्यायची सवय काही सुटली नव्हती. पिशवीत पाण्याची बाटली, दोन थालीपिठं आणि खाजेवरचं मलम निघालं. मलमाच्या ट्यूबवरची मुदत त्यांनी वाचली. ती मार्चमध्येच संपली होती. "बघा," ते म्हणाले.

तेवढ्यात विजयी पवित्र्यात त्यांनी पाय आपटला आणि बुटाची लेस तुटली.

पुढचं मी सांगतो तसंच घडलं. काकांनी बुटाकडे पाहिलं, मग हातातल्या माझ्या दोराकडे पाहिलं आणि खाली बसून तो ओवायला घेतला. विचारलं नाही. तीन दिवसांचा दोर! ओवून झाल्यावर दीड हात उरला. तो जमिनीवर लोळायला लागला तसे म्हणाले, "कापायला काही आहे का रे? सुरी-बिरी?"

मी खिशातून कपची काढली. ही गारगोटी आपल्या काळ्या कातळाच्या पोटातच सापडते. बहिणीचा पोहायचा गॉगल घालून दगडावर आपटली, तर काचेसारखी धार निघते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या लोकांना अशाच जातीच्या दगडाची पाती मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठचा माणूस त्याच धारेवर जगत होता, आणि त्याच्या आईची काही हरकत असल्याचा पुरावा सापडलेला नाही. मी काकांच्या पायाशी बसलो, दोर ताणून धरला आणि आठ-दहा वेळा कपची ओढली. दोर स्वच्छ तुटला. शाबासकीच्या आशेने वर पाहिलं, तर समोर मोबाईल.

"म्हणजे हत्यार होतं!" काका म्हणाले.

"काका, हा दगड आहे."

"दगडाने कापलं कसं मग?"

"तुमचीच लेस कापली ना!"

"तेच तर. माझ्या पायापर्यंत पोचलास."

फोटो कुठल्या तरी टोपीने काढला. घरी पोचायच्या आत तो आईपर्यंत पोचला होता. तिने मला काही विचारलं नाही, कात्री आणि नेलकटर मात्र कपाटात गेलं. विळी आहे तिथेच आहे. ग्रुपवर अठ्ठावीस अंगठे आले. त्यातले चार आमच्या मजल्यावरचे आहेत, ज्यांच्या कपड्यांच्या दोऱ्या दर पावसाळ्यात मी बांधून देतो. खुलासा टाकावा म्हणून अध्यक्षांना भेटलो, तर म्हणाले, "आता विषय जुना झाला." फोटो काढून टाका म्हटलं तर म्हणाले, "जुना विषय कशाला उकरतोस?"

काल संध्याकाळी काका पुन्हा उतारावर दिसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही त्यांच्याकडे नाही, बुटाकडे पाहिलं. उजव्या पायात अजून माझाच दोर होता. मळला होता, पण पीळ कुठेही सुटलेला नव्हता. गाठ मात्र त्यांनी निरगाठ मारली आहे.