वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरू नका

वळवाचे ढग दिसू लागले की व्हॉट्सॲपवर हा मेसेज फिरतो: 'वीज पडलेल्याला हात लावू नका, अंगात करंट असतो. गळ्यापर्यंत शेणात पुरा, वीज उतरते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या तर आशा सोडा. शुद्धीवर आला आणि भाजलं नसेल तर दवाखाना नको.' चारही गोष्टी खोट्या आहेत, आणि पहिल्या दोन्हींपायी वाचू शकणारा माणूस जातो.

अंगात करंट राहत नाही. लगेच हात लावा. धोका पुढच्या विजेचा असतो, म्हणून मान सांभाळून त्याला झाडाखालून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत हलवा.

शेणाने उतरवायचं असं अंगात काही उरलेलंच नसतं. खरं नुकसान वेगळं आहे. विजेच्या धक्क्याने हृदय थांबतं, पण बरेचदा आपोआप पुन्हा सुरू होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र मात्र उशिरा सावरतं. तेवढ्यात श्वास दिला नाही, तर प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा बंद पडतं. हीच मिनिटं खड्डा खणण्यात जातात. वर छातीभोवती शेण दाबलं की छाती फुगायलाही जागा राहत नाही.

हाक मारून प्रतिसाद नसेल तर 108 ला फोन लावा आणि दहा सेकंदांत श्वास तपासा. श्वास नसेल तर छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर 5 ते 6 सेंमी खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबा. 30 वेळा दाबलं की नाक चिमटीत धरून तोंडाने 2 श्वास द्या. नाडी मनगटात शोधू नका, मानेत बघा. विजेने रक्तवाहिन्या आकसून हातपाय गार, निळसर, लुळे पडतात. बहुतेकदा काही तासांत ते पूर्ववत होतात. एकाच वेळी अनेकजण सापडले असतील तर निपचित पडलेल्याकडे आधी धावा. कण्हणारा सहसा वाचतो.

बाहुल्यांचं म्हणाल, तर नसांवरच्या परिणामामुळे जिवंत माणसाच्याही बाहुल्या मोठ्या आणि स्थिर होतात. तेवढ्यावरून छाती दाबणं थांबवू नका.

आता 'भाजलं नाही' हा मुद्दा. वीज बरीचशी कातडीवरून निसटते, म्हणून वरून फार दिसत नाही. नेच्याच्या पानासारखी लाल नक्षी उमटते, ती भाजल्याची खूण नाही. आपोआप जाते, मलम लागत नाही. इजा आत असते, म्हणून दवाखाना हवाच. तिथे 12 लीडचा ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) प्रत्येकाचाच काढावा. त्यात बिघाड असेल किंवा छातीत दुखत असेल तर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारा रक्तातला घटक) तपासून देखरेखीखाली ठेवावं. कानाचे पडदे ऑटोस्कोपने (कानात बघायच्या उपकरणाने) बघावेत, ते फार जणांचे फाटतात. बेशुद्ध झाला असेल तर डोक्याचा सीटी, फेकला गेला असेल तर मानेची आणि मणक्याची तपासणी. गरोदर बाई असेल तर बाळाचे ठोके. हायटेन्शन तारेच्या रुग्णासारखं सरसकट भरमसाट सलाईन लावू नये. मेंदूला सूज असेल तर ते घातक ठरतं. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र स्नायूंची इजा धरून सलाईन वाढवावं लागतं. घरी सोडल्यावरही डोळे दाखवत राहा, कारण मोतीबिंदू काही महिन्यांनी उगवू शकतो.