पोट्टा दिवाळीले येऊन राहिला, तर...

इतकी वर्षं आपला मुलगा दिवाळीत गुणी वाटायचा, त्याचं कारण साधं होतं. तो घरी नसायचाच. पहाटे आंघोळ, दोन चकल्या, की गाडीला किक. दिवसा नागपूरच्या धरमपेठेतले मित्र, संध्याकाळी फुटाळा तलाव, रात्री कोणाची तरी गच्ची. आई-बापाच्या वाट्याला जेवणापुरता यायचा, आणि तेव्हाही मामा-मावशी पंगतीत असायचे, म्हणून आवाज बेताचा.

यंदा, म्हणजे 2020 च्या कोरोनातल्या दिवाळीत, मामा नाही, मावशी नाही, फुटाळ्याची गर्दी नाही. मानेवाड्यातला दोन खोल्या-किचनचा फ्लॅट, बासष्ट वर्षांचे मधुमेही बाबा, गुडघेदुखीवाली आई आणि एकोणतीस वर्षांचं ते रत्न. त्यातून तिथी आखडलेल्या. शनिवारी 14 नोव्हेंबरला पहाटे अभ्यंगस्नान, त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. सोमवारी 16 ला पाडवा आणि भाऊबीज एकदमच. भांडणांना वेळ कमी पडू शकतो. तेव्हा तयारी आत्तापासून.

पहिली गोष्ट, तो पुण्याहून निघण्याआधी फोनवर काहीही ठरवू नका. कोणत्या खोलीत झोपणार, घरात मास्क किती दिवस, जेवायला एकत्र बसायचं की आळीपाळीनं, हे आठवडाभर आधी दहा मिनिटांत ठरतं. पण मग दारात बोलायला काय उरेल? तो बॅग घेऊन उंबऱ्यावर उभा असतानाच सुरू करा. रात्रभर ट्रॅव्हल्सच्या एसी स्लीपरमध्ये पडदे ओढून, मास्क हनुवटीवर अडकवून सातशेच्या वर किलोमीटर आलेला माणूस नवे नियम ऐकायला अगदी ताजातवाना असतो. ‘जिल्हा ओलांडायचा ई-पास मिळत नाही म्हणून येत नाही’ ही दोघांच्याही सोयीची सबब सरकारनं 2 सप्टेंबरपासून काढून घेतली, त्याला इलाज नाही.

तो खिशातून अँटिजेन टेस्टचा निगेटिव्ह कागद काढेल. बसमध्ये चढायच्या आधीची टेस्ट. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागू शकतात. रात्री बसमध्ये जे झालं असेल, ते आदल्या दिवशीच्या कागदाला कसं ठाऊक असणार? लक्षणं असतील तर निगेटिव्ह अँटिजेननंतरही आरटीपीसीआर ही जास्त खात्रीची टेस्ट करावी लागते, हे तर सोडूनच द्या. कागद लॅमिनेट करून लक्ष्मीपुढे ठेवा, हळदकुंकू वाहा, आणि चिरंजीवांना बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसवा.

मागच्या खोलीत ठेवायचं म्हणाल, तर त्या खोलीला खिडकी एकच आणि खिडकीत कुलर. उन्हाळा संपल्यावर प्लास्टिकनं झाकलेला, सुतळीनं करकचून बांधलेला. बाहेरची हवा आत ओढणं हाच कुलरचा धंदा. प्लास्टिक काढून, टाकीत पाणी न भरता नुसता पंखा लावला आणि समोरचं दार उघडं ठेवलं, तर खोलीतली शिळी हवा बाहेर ढकलली जाते. पण नोव्हेंबरात नागपूरची थंडी! प्लास्टिक राहू द्या. तो आत शिंकेल, तुम्ही दाराच्या फटीतून चहा सरकवा. संडास-बाथरूम घरात एकच असल्यानं हा सगळा बंदोबस्त सकाळी सातला मोडतो. म्हणजे तो लवकर उठला तर. सहसा अकराला मोडतो.

काढा मात्र ठरल्या मापानं करा. आयुष मंत्रालयाचं प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. त्याची तीन ग्रॅम पूड, दीडशे मिली पाणी, दिवसातून एकदा-दोनदा. आपल्याकडे ‘अजून थोडी मिरी’ असं करत पाच पेले पाजतात, मग पोटात आग पडते आणि पोरगं तडतडतं. हा स्वभावदोष की मिरी, हे निदान घरच्या घरी होत नाही.

आता फराळ. इथं सावकाश वाचा.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. मग सावलीत कापडावर पसरून, हाताला ओलसर लागत असतानाच दळायचे, चाळायचे, तेवढाच गूळ कालवून चार-पाच दिवस डब्यात मुरू द्यायचं. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून मंद तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. गूळ जास्त झाला किंवा पीठ ओलं राहिलं, की अनारसा हसतो, म्हणजे फुटून कढईभर पसरतो. घरात एवढं मनापासून हसणारं यंदा तेच एक. आईची नजर कढईवर, हात तुपाशी, आणि दारात तो काही खायला मिळतं का म्हणून येऊन उभा. नेमका हाच मुहूर्त साधून विचारा, “काहून रे, परीक्षेचं काय झालं?”

काय झालं ते पेपरात आलेलं आहे. एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 5 एप्रिलची 26 एप्रिलला गेली, मग 13 सप्टेंबर, मग 20, मग 11 ऑक्टोबर, आणि शेवटी तीही पुढे ढकलली. या पाचही तारखा त्याला पाठ आहेत. तुम्ही त्या नव्यानं विचारल्या की सहावी मिळेल, अशी आशा बाळगा. “बाबा, तुम्हाले काही समजते का?” हे उत्तर येईल. “समजते म्हणूनच विचारून राहिलो ना बे!” इथून पुढे दोघांनाही वाट ठाऊक आहे.

एवढ्यात चिवड्याची फोडणी पडते. हिरवी मिरची तेलात, एक्झॉस्ट बंद, अख्खं घर खोकायला लागतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत होतं, की कोणाला तरी झालाय. रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर निघतो. ताईनं मागच्या वेळी आईच्या बोटांना लावून दिलेल्या गडद नेलपॉलिशवरच तो चिमटा लावा, वरून नुकताच थंड पाण्यात बुडालेला हात. आकडा 90 दाखवेल. ॲम्ब्युलन्ससाठी फोन हातात घ्या, मुलाकडे रोखून बघा, ‘हे तुझ्यामुळे’ एवढंच म्हणा. नेलपॉलिश पुसून, हात चोळून गरम करून, मिनिटभर स्थिर बसलं तर बहुधा 97 येतो. पण तोवर बोललेलं परत घेता येत नाही, आणि ऑक्सिमीटरमध्ये त्याची सोय नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सॅनिटायझरची बाटली फुलझड्यांच्या शेजारीच ठेवा. त्यात निम्म्याहून जास्त अल्कोहोल असतं. ओल्या हातानं काडी ओढली तर हात पेटू शकतो, आणि ती ज्योत उजेडात नीट दिसतही नाही. साबणानं वीस सेकंद हात धुवून, पुसून मग दिवे लावले तर यातलं काही होत नाही. पण ते मुलानं सांगितलेलं असतं ना. त्याचं ऐकायचं म्हणजे काय? एकोणतीस वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही, परंपरा मोडू नका.

भाऊबीजेला ताई अमरावतीहून व्हिडिओ कॉलवर. मोबाइल तांब्याला टेकवा, तिकडून ती स्क्रीनला ओवाळेल, इकडे तो जांभई देईल. आवाज तुटेल, पण ‘दादा, जाड झाला’ एवढं स्पष्ट ऐकू येईल.

मंगळवारी तो निघेल. चिवडा, शंकरपाळे, न हसलेले अनारसे असा डबा भरून द्या, वरून आंबिया बहाराची डझनभर संत्री पिशवीत कोंबा. अकोल्यापर्यंत निम्मी चेपतात. स्टीलचा डबा देऊ नका, परत येत नाही. रविनगर चौकात बस लागली की ‘सांभाळून जा’च्या ऐवजी ‘डबा आण’ म्हणा. बस शहराबाहेरचं वाडी गाव ओलांडेपर्यंत दम धरा, मग फोन करून विचारा, “मास्क लावला का रे?”

“हो, लावलाय.”

कुठे, ते विचारू नका.