मागच्या बाकावरची वही

पोटमाळा आवरताना पाठ निरीक्षणाच्या जुन्या वह्या सापडल्या. शिक्षक व्हायला शिकणारे छात्राध्यापक शाळेत सराव पाठ देतात, त्यावर शेरे लिहायच्या त्या या. रद्दीवाला दारात उभा. त्याला म्हटलं, बाबा रे, तासाभरानं ये. आणि पायरीवरच वाचत बसले. "फलकलेखन सुवाच्य. आवाज आणखी मोठा हवा. डाव्या बाजूच्या विद्यार्थ्यांकडे दुर्लक्ष. संकलनास वेळ उरला नाही." अक्षर माझंच. अध्यापक विद्यालयातली तेवीस वर्षं मी हेच लिहीत होते, आणि आज स्वतःच्याच विरोधात साक्ष देते: या शेऱ्यांनी एकही शिक्षक घडला नाही.

माझं डी.एड. १९८४ चं. पुढच्याच वर्षी पर्वतीच्या पायथ्याशी महापालिकेच्या शाळेत लागले. दुसरीच्या वर्गात अठ्ठावन्न मुलं. पाठ टाचण असं सुरेख काढलेलं की कुणी फ्रेम करून लावावं: प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, सगळं रांगेत. पहिल्या दहा मिनिटांत एका पोराची चड्डी ओली झाली, दोघांची पाटीवरून मारामारी झाली आणि हेतुकथन हवेत विरलं. मला सावरलं ते शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी. त्यांनी उपदेश केला नाही. मधलं दार उघडं ठेवलं, बस्स. त्या आवाज न चढवता वर्ग कसा शांत करतात, ते मी महिनाभर कान देऊन ऐकलं. माझं खरं डी.एड. त्या दारात झालं.

आणि १९९९ मध्ये माझ्याकडे नवे शिक्षक तयार करायचं काम आल्यावर मी काय केलं? वही घेऊन मागच्या बाकावर बसले.

सराव पाठ ज्यांनी दिलेत त्यांना हे नाटक ठाऊक आहे. अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट आणायचे, रात्री जागून तक्ते रंगवायचे. आदल्या दिवशी वर्गात जाऊन हळूच सांगून यायचं, "उद्या मी हे विचारलं की तू हात वर कर हं." वर्गशिक्षक पस्तीस मिनिटांची सुट्टी मिळाली म्हणून खूश. मुलं पाहुण्यांपुढे बसावं तशी शहाण्यासारखी बसलेली. निरीक्षक बाई मागे. प्रश्न विचारला की ठरलेला हात वर. मला हे दिसत नव्हतं असं नाही. मीही माझ्या वेळी हेच केलं होतं!

साधारण २००७ सालची गोष्ट. एका छात्राध्यापक मुलाचा पाचवीवरचा अपूर्णांकांचा पाठ साफ फसला. मुलगा घामाघूम. मी शेरा लिहायला घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की यानं काय करायला हवं होतं ते मलाही नीट सांगता येत नाहीये. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर मी उभी राहिले. बारा छात्राध्यापक मागे, हातात वह्या.

एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? सगळा वर्ग ओरडला, चतुर्थांश! चार मोठे ना तीनपेक्षा. मी फळ्यावर भाकरी काढली. तिचे चार भाग केले, शेजारच्या भाकरीचे तीन. एक मुलगी उठली. तिची आई मंडईबाहेर भाजी विकायची. म्हणाली, "बाई, भाकरी कापत नाहीत, मोडतात. आणि मोठा तुकडा बापाला." वर्ग हसला. मीही हसले, पण पुढे काय बोलावं ते सुचेना. समान भाग हा अपूर्णांकांचा पायाच तिनं काढून घेतला होता, तोही अगदी खरं बोलून. पावकिलो, अर्धा किलो तिला झोपेत विचारलं तरी कळलं असतं, पण बाजारात तृतीयांश किलो कुणी मागत नाही. घंटा झाली. माझा पाठ पडला.

बारा जणांनी माझ्यावर शेरे लिहिले. एकीनं लिहिलं होतं, "मॅडम गोंधळल्या, पण मुलीला खाली बसवलं नाही." माझ्या सेवापुस्तकात नोंद करावी असं हे एकच वाक्य आहे. आणि आदल्या दिवशी फसलेला तो मुलगा तिसऱ्या दिवशी केसांना बांधायच्या रिबिनी घेऊन आला. सारख्या लांबीच्या. कुणी तीन घड्या घाला, कुणी चार. मुलींनी घड्या घातल्या, तुकडे शेजारी धरले, काम झालं. त्याला हे कुठल्या शेऱ्यातून सुचलं नव्हतं. बाईही अडकतात हे पाहिल्यावर त्याची भीती गेली होती.

त्यानंतर मी दर पंधरवड्याला एक पाठ त्यांच्यासमोर घेत गेले. सहकाऱ्यांना आवडलं नाही. "आपण निरीक्षक आहोत," एकजण म्हणाले. म्हटलं, बरं, राहा निरीक्षक.

आता कुणी म्हणेल, काळ बदलला. बदलला खरा. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, वीस आठवडे शाळेत आंतरवासितेत, म्हणजे कामाच्या अनुभवासाठी, काढायचे असतात. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात कित्येक शाळांत आंतरवासितेतली मुलं म्हणजे फुकटचे बदली शिक्षक. पेपर तपासा, पोषण आहाराच्या नोंदी करा, गैरहजर बाईंचा वर्ग सांभाळा. त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवून दाखवणारं कुणी नाही. २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे, पण तीही पर्यायांवर गोल काळे करायची परीक्षा. त्यातून पार पडून नोकरी लागली की तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पगारावर नाही, मानधनावर. ते मानधन २०२३ पर्यंत प्राथमिकला सहा हजार होतं, आता सोळा झालंय. कोथरूडला कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलीनं यात काय जेवायचं आणि कुठले तक्ते रंगवायचे?

दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू झाली हे भाषणात येतंच. त्यांनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, हे सांगताना मात्र मी फारशा वक्त्यांना ऐकलेलं नाही.

रद्दीवाला परत आला. वह्या दिल्या, एक ठेवली, त्या बारा शेऱ्यांची.

परवा हडपसरच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन होता. "मॅडम, सातवीचा वर्ग ऐकत नाही. एकदा येऊन माझा पाठ बघाल?" म्हटलं, येते, पण पाठ मी घेणार, मागे तू बसायचंस. विषय व्यस्तप्रमाण. पुस्तक आणून दोन दिवस तयारी करतेय. निवृत्तीला तीन वर्षं होऊन गेली तरी पोटात गोळा आलाय.