‘पाऊल टाकलं की कळतं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वर्तनाच्या गंभीर अडचणी असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी निवासी केंद्र कसं निवडावं, या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘आधीच खचलेल्या आईबापांना घाबरवून तुम्हाला काय मिळतं? चांगली जागा पाऊल टाकलं की कळते. थोडी शिस्त लागली तर मुलाचं भलंच होतं. आणि खर्चाबद्दल चकार शब्द नाही.’

मतभेद असू द्या, पण ‘काय मिळतं’ हा सूर खटकला. दुसऱ्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायचे आणि वर आईबापांचा कैवार घ्यायचा, हे मला पटत नाही. अशा केंद्रांत रात्रपाळ्या लावण्याचं आणि नोंदवह्या तपासण्याचं काम मी केलं आहे; लेखात ऐकीव काही नाही. प्रश्नांची यादी लांबली, एवढं मान्य. एका भेटीत ती संपणार नाही.

आता ‘पाऊल टाकलं की कळते’. नाही कळत. तुम्ही वेळ ठरवून जाता, बहुधा सकाळी. तेव्हा संचालक, समुपदेशक, शिक्षक सगळे जागेवर असतात. मुलं बिथरतात ती संध्याकाळी, घरचा फोन ठेवल्यावर, सुट्टीच्या दिवशी, झोपण्याआधीच्या तासाभरात. म्हणून गेल्या दोन रविवारचा ड्यूटीचा तक्ता मागायचा. मुलांमागे माणसांचं प्रमाण कागदावर बसवताना स्वयंपाकी आणि ड्रायव्हरसुद्धा मोजलेले असू शकतात. मुलांसोबत प्रत्यक्ष कोण होतं, तेवढेच धरा. आणि रात्री दोन वाजता किती जण जागे असतात, असंच विचारा. नुसतं ‘किती जण असतात’ विचारलंत तर खोलीत झोपलेला माणूसही त्यात येतो.

स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाकडे बऱ्याच ठिकाणी दर १५ मिनिटांनी जाऊन बघायचं ठरलेलं असतं. त्या फेऱ्यांची वही नावं झाकून दाखवता येते. त्यात १०.००, १०.१५, १०.३० अशा काटेकोर वेळा एकाच अक्षरात, एकाच दमात उतरल्यासारख्या दिसल्या, तर ती पाळी संपताना भरलेली असण्याची शक्यता मोठी. खऱ्या फेऱ्या १०.०४, १०.१७ अशा पडतात. शिवाय त्या मुद्दाम मागेपुढे ठेवाव्या लागतात, कारण मुलं ठरलेल्या वेळा हेरतात आणि मधली मिनिटं वापरतात.

मुलाला बळाने धरून ठेवण्याचंही तसंच. पालथं पाडून पाठीवर भार दिला तर छाती फुलत नाही, आणि धडपडणाऱ्या शरीराला नेमकी त्याच वेळी जास्त हवा लागते. ‘ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे’ या समजुतीने जीव जातात. गेल्या तीन महिन्यांत किती वेळा धरलं, किती मिनिटं, त्याआधी काय काय करून पाहिलं, घरी कधी कळवलं, शांत झाल्यावर मुलाशी कोण बोललं? ‘आमच्याकडे असं होतच नाही’ म्हणणाऱ्या, पण वही नसलेल्या केंद्रापेक्षा नोंदी पुढे ठेवून ‘हे प्रमाण आम्ही असं खाली आणलं’ सांगणारं केंद्र मी निवडेन. ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहिलेल्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांच्या तारखाही ड्यूटीच्या तक्त्याशी ताडून बघा. माणसं कमी त्या रात्री गोळ्या जास्त, असं दिसलं तर ती गरज मुलाची नव्हती.

आणखी एक गोष्ट पाऊल टाकून कळूच शकत नाही. नव्या जागी पहिले दोन-चार आठवडे बरीच मुलं सांभाळून वागतात. आईबापांना हायसं वाटतं. मग जुनं वागणं परततं, आणि केंद्राचं खरं काम तिथून सुरू होतं. वर्षभरात किती मुलं मुदतीआधी घरी पाठवली आणि कशामुळे, हे विचारा. मारामारीसाठी दाखल केलेल्या मुलाला मारामारी केली म्हणून काढलं असेल, तर त्याने तिथे काय मिळवलं? सुट्टीवर घरी पाठवून बघणं, घरच्यांसोबत बैठका, शाळेत परतण्याची तयारी हे दाखल होतानाच कागदावर आलेलं हवं. घर तसंच राहिलं तर केंद्रात सुधारलेलं वागणं घरी टिकणं कठीण.

शिस्तीबद्दल थोडक्यात. उठण्याझोपण्याच्या वेळा, कामाच्या पाळ्या जरूर असाव्यात. पण आईशी फोनवर बोलणं हे ‘चांगलं वागलास तर’ मिळणारं बक्षीस केलं, की मुलाची तक्रार बाहेर पोचायची वाटच बंद होते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम २५ सक्षम यंत्रणेने उपचारांसाठी बाहेर ठेवलेल्या मुलाच्या स्थितीची वेळोवेळी फेरतपासणी व्हावी, असं सांगतं. ज्याच्याशी एकांतात बोलताच येत नाही, त्याची कसली फेरतपासणी?

खर्चाचे आकडे जागोजागी वेगळे, म्हणून दिले नाहीत. मुलाला मध्येच काढलं किंवा रुग्णालयात हलवावं लागलं तर उरलेली फी परत मिळते का, तेवढं करारात वाचून मगच सही करा.