धुण्याचे तीन तास

गोथेनबर्गमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची खोली आहे. स्वीडनमधल्या जुन्या इमारतींत घरोघरी मशीन नसतं. सगळ्यांत मिळून खाली तीन-चार मशीनं असतात आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते. भिंतीवरच्या फळीवर, हव्या त्या दिवसाच्या रकान्यात आपल्या फ्लॅटच्या नंबराचं छोटं कुलूप अडकवलं की ते तीन तास आपले. मग कुणाकडे पाहुणे येवोत की कुणाचं बाळ आजारी पडो, दुसऱ्याच्या वेळेत घुसायचं नाही म्हणजे नाही. घुसलात तर दारावर चिठ्ठी लागते. अशा चिठ्ठ्या लिहिणं ही इथली लोककलाच म्हणा ना.

शेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा शिकायला लागले आणि माझा बराचसा अभ्यास या खोलीत झाला. उलटी ठेवलेली टोपली, तिच्यावर पुस्तक, फोन वर घरात. नवरा आणि मुलगा, दोघांनाही माहीत असतं की आई धुणं धुतेय. आई अभ्यास करतेय म्हटलं की दर दहा मिनिटांनी कुणाचा तरी मोजा हरवतो. धुणं म्हटलं की कुणी फिरकत नाही.

शिकतेय ते रुग्णसेवेचं, प्रौढांच्या सरकारी शाळेत. 'कोमवुक्स' म्हणतात तिला. १९६८ पासून गावोगावी चालते, फी नाही. पुढे मिळणारं पद म्हणजे 'उंदेरशोतेर्श्का', नर्सच्या हाताखाली काम करणारी. माझ्या आईला फोनवर त्यातला फक्त उंदीर ऐकू येतो. जुलै २०२३ पासून ते नाव लावायलाही सरकारी दाखला लागतो, म्हणून माझ्यासारख्या कितीतरी जणी पुस्तकं उघडून बसल्या आहेत.

हे सगळं सांगायचं कारण आमचा घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दहावीचा निकाल लागला की एक बातमी ठरलेली: आई आणि मुलगा एकत्र पास. यंदाही आली. खाली फुलं, जोडलेले हात, "जिद्दीला सलाम", "शिक्षणाला वय नसतं". हे शेवटचं वाक्य माझ्या दादानं लिहिलं होतं. त्याच आठवड्यात नाशिकला वहिनीनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचा विषय काढला. दादा म्हणाला, "आता या वयात? आणि मुक्तची डिग्री विचारतं कोण?"

डिग्रीचा वाद आपल्याकडे जुनाच आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली आमच्या नाशकातच सुरू झालं, पण आमच्याच गल्लीत त्याला नाकं मुरडली जातात. दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलं, पण मुलाखत घेणाऱ्याच्या कपाळावरची आठी त्यानं जात नाही, इतपत दादाचं खरं आहे. पण अठ्ठेचाळिशीतली वहिनी मुलाखतीला निघालेली नाही. बारावीनंतर लग्न झालं आणि राहून गेलं, ते तिला पुरं करायचंय. हा वाद तिच्या डोक्यावरून चाललाय, तिच्याशी नाही.

मला खटकतो तो जिद्द हा शब्द. आपण तो इतक्या प्रेमानं वापरतो की त्यामागचा हिशोब दिसेनासा होतो. दहावी पास झालेल्या त्या आईनं अभ्यास केला कधी? बातमीत असतं: रात्री सगळं आवरल्यावर, पहाटे डबे करण्याआधी. म्हणजे झोपेतून कापून. घरातल्या कुणी आपल्या वेळेतला अर्धा तास दिला, असं मी अजून वाचलेलं नाही. मुक्त विद्यापीठाचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. गंगा येते हो घरापर्यंत. घागर भरायला बाईला उठू कोण देतं?

स्वीडनमध्ये १९७५ पासून कायदा आहे: सहा महिने नोकरी झाली की शिक्षणासाठी रजा मागण्याचा हक्क. मालक ती पुढे ढकलू शकतो, सरसकट नाकारू शकत नाही. अभ्यासाची सवय लागायला आधी वेळ लागतो आणि तो कुणीतरी राखून ठेवावा लागतो, हे इथे कागदावर मान्य आहे. भाबडेपणानं नाही सांगत. माझ्या वर्गातली एक सोमाली बाई चार मुलं सांभाळून तासाच्या पगारावर रात्रपाळ्या करते; रजेचा हक्क वापरायला आधी धड नोकरी हवी. नोकरदारांना पगाराच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत मदत देऊन शिकू देण्याची योजना २०२२ मध्ये आली, तेव्हा अर्जांचा असा ढीग पडला की कित्येकांना उत्तर मिळेपर्यंत सत्र सुरू होऊन गेलं होतं.

वेळ मिळाला म्हणजे अभ्यास झाला असंही नाही. ते मी पहिल्या परीक्षेत शिकले. रक्ताभिसरणाचा धडा तीन रंगांनी रंगवला होता, चार वेळा वाचला होता. पान समोर असलं की सगळं ओळखीचं वाटायचं. कोरा कागद पुढे आला आणि हृदयाच्या झडपांची नावंही आठवेनात. बाई म्हणाल्या, पुस्तक मिटा आणि मला सांगा.

पुस्तक मिटा आणि सांगा! हे तर मी सातव्या वर्षी रोज करत होते. तिन्हीसांजेला आजी देवापुढे दिवा लावायची आणि आम्हा भावंडांना परवचा म्हणायला बसवायची. पाढे, पावकी, निमकी, मग श्लोक. अडखळलं की मागून, पुन्हा. आपल्याकडे आता घोकंपट्टीवर टीका केल्याशिवाय शिक्षणावरचं भाषण संपत नाही, आणि न समजता घोकण्यावरची टीका रास्तच आहे. पण त्या टीकेत परवचाही वाहून गेली. पुस्तकात डोळे घालून तेच तेच वाचणं आणि पुस्तक मिटून आठवून म्हणणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे. आजीला हे सांगितलं असतं तर "मग?" म्हणाली असती.

आता मशीन सुरू केलं की मी कालचं न बघता लिहून काढते. चुकलेलं लाल पेनानं. मग नवी चार पानं, जास्त नाही. कपडे सुकवायला टाकले की ती चार पानं मोठ्यानं, मराठीत, समोर आजी बसलीय असं धरून सांगते. अडते तिथे मला कळलेलं नसतं. शब्द स्वीडिशच राहतात, समजावणं मराठीत. एकदा शेजारचे म्हातारबुवा वेळेआधी पाच मिनिटं आले आणि मी ड्रायरला मूत्रपिंड समजावताना त्यांना सापडले.

तिकडचं एक मात्र इथे नाही. इथे मला "झाला का अभ्यास?" असं कुणी विचारत नाही. शिकलात तर छान, सोडलंत तर तुमचा प्रश्न. परीक्षेच्या दिवशी आईनं व्हिडिओ कॉलवर दहीसाखरेचा चमचा कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा इथे किती एकटीनं चाललंय ते जाणवलं.

वहिनीला मी आधी नको तो सल्ला दिला: वाचनालयात जाऊन बस. नाशकातलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, जागेची वाण नाही. ती म्हणाली, "जागा आहे गं घरातही. मी तिथे दिसले की कुणाला तरी चहा आठवतो." मग तिला धुण्याच्या खोलीचं सांगितलं. ती हसली, आणि तिनंच आठवण काढली की त्यांच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं. साडेपाच ते पावणेसात. त्या वेळात तिला कुणी हाक मारत नाही. पाणी भरतेय म्हटलं की घर गप्प.

प्रवेश घेतलाय तिनं. दादाला अजून वाटतं, टाकी भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागतोय, पाण्याचा दाब कमी झाला असावा. महापालिकेला अर्ज करतो म्हणत होता. वहिनीनं त्याला म्हणे सांगितलं, "करा की, पण परीक्षा झाल्यावर."